गुड्डीचा घसा, दुसऱ्यांदा

चिमाबाईंच्या नातीचा, गुड्डीचा, घसा पुन्हा धरला, अंग तापलं, तेव्हा त्यांची सून कावेरी कंपनीत जायच्या घाईत होती.

"आत्या, गेल्या वर्षीच येऊन गेलंय हे तिला," चपला घालता घालता ती म्हणाली. "गोवर एकदा निघाला की परत निघतो का? तसंच हे. मिठाच्या गुळण्या द्या, बसेल."

चिमाबाईंना त्यांची धाकटी बहीण लीला आठवली. साक्रीकडच्या गावात त्यांच्या आईनंही तिच्याबद्दल हेच म्हटलं होतं. दुसऱ्यांदा सुजलेला घसा गुळण्यांनी बसला खरा, पण मग गुडघे सुजले, घोटे सुजले आणि शेवटी काळजाची झडपच निकामी झाली. डोक्यावर हंडा घेऊन पळणारी पोर उंबऱ्यातच धापा टाकू लागली. पुढचा पोळा तिनं पाहिला नाही.

चिमाबाईंनी गुड्डीला रिक्षात घातलं नि सिल्वासाचा सरकारी दवाखाना गाठला.

ऋचा डॉक्टरांनी घशात बॅटरी मारली, कापसाच्या काडीवर नमुना घेतला. तपासणी झाल्यावर म्हणाल्या, "स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतूच आहे, आजी. पण त्याच्या जाती शंभराहून जास्त. गेल्या वर्षीची जात हिच्या अंगानं ओळखून ठेवली असेल. ही दुसरी आली, तर तिला कोण ओळखणार?"

"म्हणजे आडनाव एक, पण भावकी मोठी!"

डॉक्टर हसल्या. "अगदी! म्हणून या वेळीही बाटली संपेपर्यंत औषध द्यायचं. ताप गेला म्हणून थांबलात, तर काळजाला धोका."

ताप लवकरच उतरला. गुड्डी आमली भागातल्या त्यांच्या चाळीत लंगडी घालू लागली, तशी शेजारची मालती वाटी घेऊन दारात हजर. त्या चाळीत औषध विरजणासारखं फिरायचं. एकाला बरं वाटलं की उरलेलं दुसऱ्याला. नाही म्हणायची रीतच नव्हती.

"मावशी, विकीचा घसा सुजलाय. गुड्डीचं थोडं द्या."

"नाही देणार."

"वा! उन्हाळ्यात माझ्याकडचं खोकल्याचं बरं गोड लागलं!"

"लागलं. पण हे अर्धं अर्धं केलं तर दोन्ही पोरं अर्धवट राहतील. मला काय शिव्या द्यायच्या त्या दे, पण विकीला उचल. मी येते बरोबर."

रिक्षात मालती तोंड फिरवून बसली. "स्वतःच्या नातीपुरतंच बघते म्हातारी," एवढंच बोलली. दवाखान्यात विकीला त्याची स्वतःची बाटली मिळाली, तेव्हा कुठं तिचा चेहरा सैल झाला.

महिन्याभरानं दोन्ही पोरं तपासायला नेली. ऋचा डॉक्टर गुड्डीच्या छातीवर नळी ठेवून बराच वेळ ऐकत राहिल्या. चिमाबाईंनी पदर मुठीत गच्च धरला.

"काळीज ठणठणीत, आजी! विकीचंही. ऐकायचंय?"

नळ्या कानात गेल्या. धडक धडक, धडक धडक! पोळ्याचे बैल उधळावेत तसं. म्हातारीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तोंडभर हसू.

"ये गं मालती, तूही ऐक!" त्या ओरडल्या. मग बाहेर रांगेत बसलेल्या बायांपुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "कुणाच्या पोराचा घसा धरलाय? पुढं या. आणि एकदा येऊन गेलंय, असं मला कुणी सांगायचं नाही!"