कुंपणाबाहेरचा बाक

मी एक जुना बाक आहे. पाइनच्या लाकडाचा, चार माणसे बसतील एवढा लांब. सध्या एका घराच्या मागच्या पडवीत असतो. मला बोलायची सवय नाही. पण मित्रांनो, मी आयुष्यभर पुष्कळ ऐकले आहे, आणि त्यातले थोडे तुम्हाला सांगावे असे वाटते. नीट सांगता येईल की नाही, याची मला खात्री नाही. जमेल तसे सांगतो.

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या पेटन गावच्या एका सुताराने मला चर्चसाठी घडवले. माझ्यासारखे बरेच बाक त्याने केले होते आणि मी त्यांतला विशेष देखणा होतो असेही नाही. माणसे माझ्यावर कपडे सावरून, पाठ ताठ ठेवून बसत. मुले च्युइंग गम चघळून चघळून माझ्या खाली चिकटवीत. तो अजून तिथेच आहे, दगडासारखा झालेला. पुढे चर्चमध्ये मऊ गादीच्या खुर्च्या आल्या आणि आम्हाला मागच्या कोठीत रचून ठेवले. माझ्या पायाशी गांधीलमाश्यांनी पोळे केले. त्या काळातले मला फारसे आठवत नाही. दुखलेही नाही. लाकडाला दुखत नाही, ते नुसते वाळत जाते.

मग एके दिवशी हर्शेल आला. तो शाळेची बस चालवायचा. उंच, रुंद खांद्यांचा, हळू बोलणारा माणूस. पाद्रीबाबांना विचारून त्याने मला उचलले आणि आपल्या जुन्या हिरव्या ट्रकच्या मागच्या उघड्या हौद्यात बोल्टांनी घट्ट बसवले. त्या ट्रकचे इंजिन केव्हाच मेले होते. पण तो चालावा अशी कोणाची अपेक्षाच नव्हती.

आमच्या गावात कॉलेज आहे, आणि कॉलेजचे बेसबॉलचे मैदान आहे. मैदानाच्या डाव्या अंगाला कुंपणाबाहेर अशा मोडक्या ट्रकांची एक रांगच असते. दरवर्षी हंगाम सुरू होण्याआधी ट्रॅक्टरने ओढून ते आपापल्या जागी आणून लावतात. प्रत्येक जागा एकेका कुटुंबाच्या नावावर असते. एखाद्याने ती सोडली की वाट पाहणाऱ्यांपैकी पुढच्याला मिळते, आणि वाट पाहण्यात लोकांचे केस पांढरे होतात. गावात म्हणतात की नवराबायको वेगळे होतात, घरे विकली जातात, पण कुंपणाची जागा कोणी सोडत नाही.

हर्शेलच्या जागेवर माझे दुसरे आयुष्य सुरू झाले. तो डाव्या टोकाला बसे. मधे ओडेल, ज्याचे टायरचे दुकान होते. उजवीकडे मर्ल, गावचा न्हावी. बाजूला शेगडीवर डुकराच्या बरगड्या भाजत असत, पिंपात उकडलेले शेंगदाणे आणि थंड गोड चहा. शरद ऋतू आला की ट्रक फुटबॉलच्या मैदानाजवळच्या गवतावर जाई आणि तेच तिघे त्याच क्रमाने बसून फुटबॉलबद्दल बोलत. आमच्याकडचा फुटबॉल म्हणजे चेंडू हातात धरून पळायचा खेळ.

काय बोलत, असे विचाराल तर सगळे तेच. मर्लला प्रत्येक पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा गडी, दमलेला दिसे. "काढा रे या पोराला बाहेर, हात बघा कसा लोंबतोय," असे तो म्हणाला की ओडेल म्हणे, "तू कात्रीपुरतं बघ, मर्ल. तुझ्या हातून आमचे कान वाचले तरी देव पावला." ओडेलचा राग एकाच माणसावर होता. ते सगळे तरुण असताना, नदीपलीकडच्या कॉलेजाविरुद्ध शेवटच्या क्षणी आमच्या एका गड्याच्या हातून फुटबॉल निसटला होता. तो गडी पुढे दातांचा डॉक्टर झाला, गावातला एकुलता एक. ओडेलची दाढ ठणकत असली तरी तो तासभर गाडी चालवून दुसऱ्या गावी जाई. "ज्याच्या हातात चेंडू टिकला नाही, त्याच्या हातात मी माझी दाढ देऊ?" हर्शेल यावर दरवेळी तितकाच हसे. तो हसला की माझ्या फळ्या हलत.

लोक माझे कौतुक करीत. चर्चचा बाक आहे, यावर बसून शिव्या देऊ नका म्हणत, आणि देत. माझे ते दिवस चांगले गेले.

आता त्यांच्या एका रिवाजाबद्दल सांगायला हवे. बेसबॉलमध्ये कधी कधी असे होते की आपला पिचर समोरच्या एकाही फलंदाजाला धड फटका मारू देत नाही. डावामागून डाव जातात, आणि फळ्यावर त्यांच्या फटक्यांच्या खाली भोपळाच असतो. त्याला नो-हिटर म्हणतात. ही गोष्ट फार दुर्मिळ आणि नाजूक. ती चालू असताना कोणी तिचे नाव काढायचे नाही. सगळ्यांना दिसत असते, पण बोलायचे हवापाण्याबद्दल. बोलले की मोडते, अशी समजूत आहे. एकदा मर्लच्या तोंडून निघून गेले. पुढच्याच चेंडूवर फटका बसला. त्यानंतर तो सबंध हंगाम ओडेलने त्याला माझ्यावर बसू दिले नाही. मर्ल बिचारा शेगडीपाशी उभा राहून सामने बघायचा, आणि आपली चूक झाली हे त्यालाही मान्य होते.

पुढच्या एका वसंतात हर्शेल आला तो टोपी कानांपर्यंत ओढून. बसला तेव्हा माझी फळी पूर्वीसारखी वाकली नाही. सामना संपत आला होता. त्याने ओडेलला सांगितले की पोटात गाठ निघाली आहे, आणि डॉक्टरांच्या बोलण्याचा सूर बरा नव्हता. ओडेलने मैदानावरची नजर काढली नाही. तो म्हणाला, "आता डावखुरा पिचर आणतील बघ."

बस्स, एवढेच. त्या दिवसापासून त्या विषयावर कोणी एक शब्द काढला नाही. असे ठरवलेही नव्हते. ओडेलने मर्लला गाडीपाशी गाठून फक्त ओठांवर बोट ठेवून दाखवले, आणि मर्लने मान हलवली. सगळे नेहमीसारखे चालले. तेच पिचर, तीच दाढ, तेच शेंगदाणे. हर्शेल दर आठवड्याला हलका होत होता. माझ्याइतके ते कोणाला कळत असेल असे वाटत नाही, पण मी बाक आहे.

एकदा, फक्त एकदा, त्याने प्रयत्न केला. उन्हाळा लागला होता, दोन डावांच्या मधली वेळ होती. "ओडेल, समज मी..." असे तो म्हणाला. ओडेलने पटकन हात वर केला आणि समोरच्या संघाच्या फलंदाजाबद्दल काहीतरी विचारले. हर्शेलने त्याच्याकडे पाहिले, मग मैदानाकडे. त्याने फलंदाजाबद्दल उत्तर दिले. उत्तर बरोबरही होते.

नदीपलीकडच्या कॉलेजाशी फुटबॉलचा सामना होता त्या आठवड्यात हर्शेल गेला. ओडेल आणि मर्ल दफनाला कॉलेजच्या रंगाचे टाय बांधून गेले. तिथेही ते सामन्याबद्दलच बोलले, असे मी नंतर ऐकले.

हिवाळाभर मी ताडपत्रीखाली होतो. थंडीत माझी एक फळी उकलली. मला काही वाटत होते का, असे तुम्ही विचाराल. वाटत नव्हते. एका टोकाला वजन असायचे, आता ते येणार नाही, एवढेच ठाऊक होते. ओडेल आणि मर्लचेही तसेच असावे. हंगाम सुरू होताना त्यांनी ट्रक ओढून आणला, ताडपत्री काढली आणि आपापल्या जागी बसले. डावे टोक रिकामे ठेवले. सामने बघितले. कोण जिंकले हे विचारले असते तर त्यांना सांगता आले असते. त्यापलीकडे काही नाही.

एका शनिवारी दुपारी सामना चालू असताना लुएला आली. हर्शेलची बायको. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही आदराने मिस म्हणतात, तसे तिला सगळे मिस लुएला म्हणत. ती यापूर्वी कुंपणाकडे क्वचितच यायची. ओडेलने हात देऊन तिला वर घेतले आणि ती डाव्या टोकाला बसली. मर्लने तिला चहा दिला, तो तिने हातात नुसता धरून ठेवला. मग तिने सांगितले की हर्शेलच्या नावावरची जागा तिने सोडली आहे. सोमवारी दुसरे कुटुंब येईल. ट्रक भंगारात जाईल. तिला फक्त हा बाक घरी हवा आहे.

मर्लचा चेहरा उतरला. त्याने आर्जव केले. जागा एकदा गेली की गेली, आमच्या हयातीत परत मिळायची नाही, तुम्हाला काही करावे लागणार नाही, ट्रकचे सगळे आम्ही बघू.

"जागेचं विचारलंस, मर्ल," लुएला म्हणाली. "त्याचं कधी विचारलं नाहीस."

तिचा आवाज वर गेला नव्हता. ती मैदानाकडेच बघत होती. तिने सांगितले की दर शनिवारी तो घरी आला की ती विचारायची, आज काही बोलणं झालं का. तो म्हणायचा, हो, खेळाबद्दल झालं. शेवटी शेवटी तो म्हणाला होता की त्यांना बहुधा कंटाळा येत असेल, आजारी माणसाबरोबर बसायचा.

मर्लने तोंडातला शेंगदाणा तसाच ठेवला. ओडेल मैदानाकडे बघतच बोलला.

"मिस लुएला, पिचर चांगला टाकत असतो, तेव्हा कोणी नाव काढतं का? तो दर शनिवारी येत होता. चालत येत होता. मला वाटलं, बोललो तर मोडेल."

लुएलाने त्याच्याकडे वळून पाहिले. ती चिडेल असे मला वाटले. ती चिडली नाही.

"तो पिचर नव्हता, ओडेल," ती म्हणाली. "तो घाबरलेला होता."

ओडेल उठला. मर्लला वाटले तो निघून चालला. पण तो आपल्या गाडीकडे गेला, पाना घेऊन आला आणि ट्रकच्या खाली शिरला. बोल्ट गंजले होते. एकेक सुटायला वेळ लागत होता. लुएला आणि मर्ल माझ्याशेजारी हौद्यात उभे राहिले. खालून फक्त पान्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

"शेवटी त्याला फार दुखत होतं का?" खालून ओडेलने विचारले.

तोंड दिसत नव्हते म्हणूनच त्याला विचारता आले असावे. लुएला वाकून, हौद्याच्या फळ्यांशी बोलावे तशी बोलू लागली. हो, दुखत होते. रात्री तो बसून काढायचा, आडवे होता यायचे नाही. शाळेच्या बसमधल्या मुलांची नावे आठवत राहायचा. ओडेल मधेच विचारी, जेवायचा का, झोपेचे औषध लागू पडायचे का, आणि ती सांगे. एवढ्यात मैदानावर प्रचंड ओरडा झाला. सगळी रांग उभी राहिली. आमच्या एका पोराने मारलेला चेंडू कुंपणावरून थेट आमच्या ट्रकांमध्ये येऊन पडला, लोक त्याच्यामागे धावले, शेगडी उलटली. मर्लने मान वर केली नाही. ओडेल खालून बाहेर आला नाही. असा फटका त्या मैदानात पुन्हा झालेला नाही म्हणतात. त्या दोघांनी तो पाहिला नाही.

जागा गेली. तिथे आता एक मोठे, हसरे कुटुंब बसते. त्यांनी नवा ट्रक लावला आहे आणि त्याला छत्रीही आहे. मी लुएलाच्या पडवीत आलो. माझी उकललेली फळी ओडेलने खिळे मारून बसवली. काम काही फार चांगले झाले नाही, बसताना ती कुरकुरते. शनिवारी तो आणि मर्ल येतात, रेडिओ लावतात. लुएला मक्याचा पाव करते. खेळाबद्दलच बोलणे होते. तुम्हाला वाटेल की आता सगळे बदलले असेल. तसे नाही. बराच वेळ तिघेही नुसते बसून असतात, आणि काही वाटते आहे की नाही, हे त्यांचे त्यांनाही सांगता येणार नाही.

पण गेल्या शनिवारी एक गोष्ट झाली. फुटबॉलचा सामना ऐन रंगात होता. लुएला पाव घेऊन आली, तेव्हा तिच्या कोपराच्या आत कापूस चिकटपट्टीने लावलेला होता, दवाखान्यात रक्त घेतात तेव्हा लावतात तसा. ओडेल बोलता बोलता थांबला.

"हे काय, मिस लुएला?"

"काही नाही."

मर्लने खाली पाहिले. रेडिओवरचा माणूस ओरडत होता. ओडेलने हात लांब करून रेडिओ बंद केला.

"काही नाही म्हणजे काय?" त्याने विचारले.

मग तिने ताट खाली ठेवले, ती माझ्यावर बसली आणि सांगू लागली.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट संपवताना तुमच्याकडे काहीतरी मागतात. मला रंग नको, पॉलिश नको. बाक आहे, उन्हापावसात पडून राहीन. तुमच्या शेजारी बसणाऱ्या माणसाला मात्र विचारा. तो "काही नाही" म्हणाला, तर पुन्हा एकदा विचारा. आणि मग तो सांगत असेल तोवर तिथेच बसून राहा.