विस्तव न पाहिलेली चूल

मी चूल बोलतेय. असं नुसतं म्हणतानाही माझी मान खाली जाते, कारण चूल म्हणवून घ्यावं असं माझ्याकडून अजून काहीच घडलेलं नाही. लोणावळ्याच्या वर, दरीच्या तोंडाशी एक मोठं रिसॉर्ट आहे. त्याच्या जेवणघरात, गवताच्या छपराखाली मला मांडलंय. तुम्ही कधी आला असाल तर माझ्याशेजारी उकिडवं बसून फोटोही काढून घेतला असेल. सगळेच काढतात.

मला घडवलं ते सारजाबाईनं. ती खालच्या डोंगरवाडीतली. रिसॉर्टच्या मागच्या अंगणात तिनं वारुळाची माती आणून टाकली, त्यात भाताचा तूस आणि शेण कालवलं आणि पदर खोचून पायांनी तुडव तुडव तुडवलं. मग हातांनी थापत, ओल्या फडक्यानं पुसत मला उभं केलं. भाजीच्या पातेल्यासाठी बाजूला वैलही काढला. काम करताना ती माझ्याशी बोलायची. "सावकाश वाळ गं बाये, तडकू नगंस. लय लोक जेवायचीत तुज्यावर." सासरी जाणाऱ्या लेकीला सांगावं तसं सांगायची. मीही सावलीत बसून अगदी शहाण्या मुलीसारखी वाळले.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. रिसॉर्टचे मॅनेजर गौरवसाहेब, त्यांनीच तिला कामावर घेताना सांगितलं होतं, "मावशी, पाहुण्यांसमोर बसून गरम गरम नाचणीची भाकरी करायची. लोक त्यासाठीच येतात हल्ली." सारजाबाईला काय, आभाळ ठेंगणं झालं. ज्या नाचणीला कुणी विचारत नव्हतं ती आता टेबलावर जाणार. त्याच संध्याकाळी तिनं वाडीभर सांगितलं, की पुन्या-मुंबईची माणसं आता माज्या हातची भाकर खायाला येनार.

आणि मग उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कुणीतरी मोठा माणूस येऊन छपराकडे बघून गेला. त्याच्या मागोमाग गौरवसाहेब आले. बिचाऱ्याचा आवाज पडलेला होता.

"मावशी, वरून नको म्हणतायत. गवताला ठिणगी लागली तर? शिवाय धुरानं पाहुण्यांचे डोळे चुरचुरणार."

"मंग भाकर भाजायची कशावर?"

"भाजायची नाही. भाकरी आत गॅसवर होतील. तुम्ही इथं बसून नुसत्या थापायच्या आणि तव्यावर टाकायच्या. दिसलं पाहिजे, एवढंच."

माझ्या पोटात लाल दिवा बसवला. त्याच्यापुढे दोन लाकडं खिळे मारून पक्की केली, म्हणजे लांबून निखारे फुलल्यासारखं वाटावं. अंगावर ऑइलपेंटनं पांढरी चित्रं काढली. वर तवा ठेवला तोही थंडगार. आरशात बघायची सोय नाही हे माझं नशीब.

सारजाबाई त्या दिवशी वाडीत गेली आणि काहीच बोलली नाही. खोटं तिनं कधीच सांगितलं नव्हतं. खरं बोललेली गोष्ट तिच्या पाठीमागे खोटी झाली होती. पण गावभर गेलेला शब्द दारोदार फिरून परत कसा मागायचा? 'काय गं, आज किती भाकरी केल्यास?' असं कुणी विचारलं की ती म्हणायची, 'लय झाल्या.' तेही खरंच होतं. थापत तर ती दिवसभर होती.

तुम्हा माणसांचं खाणं मी इथं बसल्याबसल्या खूप पाहिलं. थंड हवेत भूक लागते म्हणतात, ती पोटापेक्षा डोळ्यांना जास्त लागते. आल्या आल्या कोकम सरबत, त्यावर मक्याची भजी, दरीत धुकं उतरलं की वाफाळता चहा, आणि मग ताट असं भरायचं की चमचा ठेवायला जागा उरू नये. पिठलं, ठेचा, भाकरी घेऊन लोक माझ्यासमोर येतात, घास तोंडाजवळ धरून फोटो काढतात आणि डोळे मिटून म्हणतात, "चुलीवरची चवच वेगळी!" तेव्हा मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं होतं. सारजाबाईही परातीतून डोळे वर काढत नाही. दुपार टळली की सकाळपासून तोच तोच थापलेला गोळा आंबून जातो आणि ती तो उचलून मागच्या गाईला घालते.

तिला याचं वाईट वाटण्यामागे आणखी एक कारण होतं. वाडीत ज्या घरी कुणी वारलेलं असतं त्याच घरची चूल थंड असते. थंड चुलीवर भाकरी टाकणं म्हणजे अशुभाला हाक मारणं. ती रोज तवा ठेवायच्या आधी मला दोन बोटांनी शिवून कपाळाला लावायची. माफी मागत असावी. मला वाटायचं, माफी मी मागायला हवी.

अशात तिच्या बबिताला स्थळ आलं. कान्हे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतली मुक्ताबाई, तिचा मुलगा उमेश. मुलगा तळेगावला कारखान्यात, निर्व्यसनी, बबितालाही पसंत. पाहणं झालं होतं, पण शब्द व्हायचा होता. यांच्या वाड्यांमध्ये सुपारीच्या आधी एक रीत पाळतात. मुलाची आई मुलीच्या आईच्या हातची भाकरी तव्यावरून स्वतः उचलते, मोडते आणि पहिला घास खाते. खाल्ला की सोयरीक झाली. मोडून खाली ठेवली तर नकार, मग त्या घरी पुन्हा दुसरं कुणी लवकर विचारायला येत नाही. बबिताच्या थोरल्या आत्याच्या बाबतीत असं झालं होतं, म्हणून सारजाबाईच्या जिवाला घोर. येत्या अष्टमीला मुक्ताबाई घरी यायची होती. सारजाबाईनं नवी नाचणी दळूनही ठेवली होती.

पण अष्टमीच्या आधीच उमेशच्या कारखान्याची सहल निघाली, कुटुंबांसकट, आणि ती नेमकी इथं आली. उमेश रांगेत ताट घेऊन उभा होता तेवढ्यात मुक्ताबाई जेवणघरभर नजर फिरवत माझ्यापुढे आली. पायांतल्या चपला हातात घेतलेल्या. सारजाबाईला पाहून तिचा चेहरा असा उजळला की मला आधी आनंदच झाला.

"अगं बया! हितंच बसतीस व्हय तू? सांगत व्हतीस ती हीच चूल?"

"व्हय," सारजाबाई म्हणाली. तिच्या हातातला गोळा हातातच राहिला.

तव्यावर नुकतीच टाकलेली भाकरी होती. नाचणीचं पीठ मुळातच काळसर, कच्ची भाकरी आणि भाजलेली भाकरी लांबून सारखीच दिसते. त्यात पोटातला लाल दिवा. मुक्ताबाईनं काय विचार केला असेल तो तिचा तिला ठाऊक. सून पसंत होती, आज मन प्रसन्न होतं, चारचौघांत विहिणीचा मान करावा असं वाटलं असेल. तिनं पदर डोक्यावर घेतला, वाकली आणि म्हणाली, "अष्टमीची वाट कशापाई बगायची? इहीनबाई, तुमच्या हातची भाकर मोडते."

"थांबा..." सारजाबाई म्हणाली, पण तोवर भाकरी उचललेली होती.

बोटांना कळलंच असणार. थंड, ओलं पीठ ते. ते लिबलिबत मोडलं आणि तुकडा बोटांना चिकटून आला. मुक्ताबाई क्षणभर थबकली. आजूबाजूला सहलीची माणसं बघत होती, उमेश ताट घेऊन जागीच उभा होता. खाली ठेवली असती तर बबिताला नकार होता. मुक्ताबाईनं तो कच्चा घास तोंडात घातला, चावला आणि गिळला.

"चूल इजलीय वाटतं," ती हळूच म्हणाली, कुणाला ऐकू जाणार नाही अशी. "थांबा, म्या फुकते." सजावटीला ठेवलेली फुंकणी तिनं उचलली, गुडघे टेकले, माझ्या तोंडाशी वाकली आणि फुंकर घातली.

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला पेटवायला आलं होतं आणि माझ्या पोटात देण्यासारखं काही नव्हतं. दिवा जळत होता तसाच जळत राहिला. तिनं पुन्हा श्वास भरून फुंकलं. मागे हशा पिकला. कुणी वाईट मनाचं नव्हतं, त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. एक मुलगी मोबाइल धरून म्हणाली, "आजी, अजून एकदा फुंका ना, व्हिडिओ राहिला."

तेव्हा सारजाबाई उठली. पिठाचे हात, तोंड झाकायलाही पदर धरता येईना.

"नगा फुकू. तितं इस्तू न्हाई." तिचा आवाज फाटला. "कवाच नव्हता. म्या हितं निस्ती थापत बसते, भाकरी आत गॅसवर व्हत्यात. वाडीत सांगायला तोंड झालं न्हाई मला. तुमास्नी कच्चं पीठ चारलं म्या."

गौरवसाहेब लगबगीनं आले आणि गर्दीच्या कडेलाच थांबले. मुक्ताबाई गुडघ्यांवर हात रोवून उठली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग सारजाबाईकडे. मला वाटलं, आता संपलं सगळं.

तिनं तव्यावरची उरलेली भाकरी दोन्ही हातांनी गोळा केली. फाटलेल्या कडा, तुकडे, सगळं पदरात घेऊन गाठ मारली.

"मोडलेली भाकर टाकायची नसती. घरी न्हेऊन माज्या चुलीवर भाजते," ती म्हणाली. "समदी खातील घरातली. अष्टमीला या म्हणावं बबिताच्या वडलास्नी, सुपारी घेऊन. येते, इहीनबाई."

आता बबिताचं लग्न ठरलंय. सारजाबाईनं वाडीत स्वतःच्या तोंडानं सगळं सांगून टाकलं. ती अजूनही इथं येते, थापते, पण आता तव्यावर टाकत नाही. कुणी विचारलं तर 'भाकरी आतून येते' म्हणते. काही पाहुणे हिरमुसतात. मी मात्र माझ्या जागी आहे, अंगावर चित्रं, पोटात दिवा.

माणसांनो, माझ्याजवळ बसून चवीचं कौतुक करू नका, मला ते सोसत नाही. आणि सारजाबाई, माझे आई, तुझ्याकडे एकच मागणं आहे. लेकीच्या हळदीला पाणी तापवायला तरी मला इथून घेऊन जा. स्वयंपाकाचा मान दुसऱ्या चुलींना दे, मला उकिरड्याशेजारी मांड. या रंगावर पहिला विस्तव पडला की मी कदाचित तडकेन. तडकू दे, पण बबिताच्या अंगावर माझ्या आगीवर तापलेल्या पाण्याचा एक तांब्या पडू दे.