शंभूचा हॉर्न आणि माझी वाढीव वॉरंटी

मी ट्रक बोलतोय. तसा लहानच. शहरातली माणसं मला टेम्पो म्हणतात आणि ते मला मुळीच आवडत नाही. आत्ता मी पौडला रस्त्याच्या कडेला उभा आहे, इंजिन चालू आहे आणि माझा मालक स्टिअरिंग धरून नुसता बसला आहे. तो उतरेपर्यंत मला वेळच वेळ आहे. तेव्हा सगळं सांगूनच टाकतो, कारण हे आणखी पोटात ठेवणं आता माझ्याच्यानं होणार नाही.

जन्माचं फारसं आठवत नाही. कारखान्यात पट्ट्यावरून सरकत आलो. एकानं दार बसवलं, दुसऱ्यानं आरसा, आणि दोघंही माझ्याकडे न बघता पुढच्या गाडीकडे वळले. माझ्याकडे पहिल्यांदा नीट कुणी पाहिलं असेल तर ते गोरखनं, शोरूममध्ये. मुळशीतल्या माले गावचा हा माणूस. त्यानं टायर दाबून बघितले, वाकून माझ्या पोटाखाली डोकावला आणि मग बोनेटवर तळहात ठेवला. त्याची बायको सखू सरळ मागच्या हौद्यात चढली, चार पावलं चालली आणि म्हणाली, "लई ऐसपैस हाय. आता ह्योबी मलाच झाडावा लागनार." मला दोघंही आवडली.

किल्ली हातात देता देता मनीष नावाच्या विक्रेत्यानं हळूच विषय काढला. "सर, एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊन टाका. पहिलं वर्ष कंपनीचं आहेच, पण त्याच्यापुढची दोन वर्षंसुद्धा टेन्शन नाही. तीन महिन्यांच्या आत कधीही घ्या."

"बघू," गोरख म्हणाला.

हा एक शब्द माणसांनी कशासाठी काढला असेल, देव जाणे. त्या "बघू"त माझे तीन महिने गेले.

गोरखची भीती मला समजत होती. त्याच्या घरामागे माझ्या आधीचा टेम्पो उभा आहे. चाकं नाहीत, दगडांवर टेकवलेला. त्याच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात. पहिल्या दिवशी मला त्याच्याशेजारीच लावला, तेव्हा मी चरकलो. चार वर्षांपूर्वी त्याचा गिअरबॉक्स गेला, सुटा भाग कुठे मिळेना, महिनाभर तो जागचा हलला नाही. तेवढ्यात नर्सरीची रोपं पोचवायचं गोरखचं कायमचं काम दुसऱ्याकडे गेलं. मग तीन वर्षं तो लोकांच्या गाड्या चालवत राहिला. मी तसाच बंद पडलो तर पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर चढायचं, ही त्याची धास्ती. आणि माझी धास्ती म्हणाल तर कोंबड्या.

मग घ्यावी की वॉरंटी! अडचण काय? तर अडचण होती शंभू.

शंभू म्हणजे पौडचा फिटर. जुन्या टेम्पोला त्यानं वीस वर्षं जगवलं. सखूचे दिवस भरले तेव्हा त्या टेम्पोचा क्लच ताम्हिणीच्या अलीकडे तुटला होता. शंभूनं धो धो पावसात येऊन आडवं पडून तो जोडला, म्हणून पल्लवी दवाखान्यात जन्मली, रस्त्यावर नाही. तीच पल्लवी आता माण गावातल्या एका कंपनीत नोकरी करते. वॉरंटीचे कागद तिनंच मोबाईलवर अथपासून इतिपर्यंत वाचले, माझ्या पायरीवर बसून.

"बाबा, दोनच अटी महत्त्वाच्या आहेत," ती म्हणाली. "सर्व्हिसिंग फक्त कंपनीच्या वर्कशॉपमध्ये करायचं. आणि बाहेरचं काही फिटिंग करायचं नाही."

"म्हंजी शंभूनं हात लावायचा न्हाई?"

"कंपनीच्या कामाला नाही लावायचा."

सखू तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करताच सांगितलं, "मंग शंभूभावजींना जाऊन इचारा की. त्ये काय खात्यात का तुमाला?"

"त्याला काय वाटंल?"

"त्ये त्यालाच इचारा."

इतकं सोपं होतं. मी बोनेट आपटून टाळी वाजवली असती. पण गोरख उठला आणि शंभू सोडून साऱ्या मुळशीला विचारत सुटला. कोळवणच्या चहावाल्याला विचारलं. भाडं देणाऱ्या बंगलेवाल्यांना विचारलं. हनुमंत नावाच्या शेजाऱ्यानं तर त्याला पाऊण तास धरून ठेवला. हनुमंतच्या मेव्हण्यानं फ्रिजला वाढीव वॉरंटी घेतली होती. "आन् झालं काय? फ्रिज बंदच पडला न्हाई! सगळी वाया ग्येली." वस्तू टिकली म्हणून हळहळणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

इकडे मनीषचा रोज फोन. "सर, फक्त आजच." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "सर, फक्त आजच." आणि गोरखचं उत्तर ठरलेलं, "बघू."

अखेर पल्लवीनं तारीख काढून दाखवली. उद्या शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी गोरखनं कुणाला न सांगता मला शोरूमला नेलं, सह्या केल्या, शिक्का मारलेला कागद घेतला, चार घड्या घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात पार तळाशी, पुसायच्या फडक्याखाली ठेवला. मी सुटकेचा निःश्वास सोडला. चला, कोंबड्यांपासून वाचलो.

परत येताना पौडला शंभू रस्त्यात आडवा उभा! दोन्ही हात वर, तोंडभर हसू.

"गोरख, थांब थांब! तुजा आलाय बघ."

इथे शंभूची एक रीत सांगायला हवी. ज्या गाडीची निगा त्याच्याकडे, तिला तो स्वतःच्या पदरचा एक हॉर्न बसवून देतो. प्रत्येकीचा सूर वेगळा. ती गाडी गॅरेजवरून जाताना दोनदा हॉर्न वाजवते आणि शंभू ज्या गाडीखाली आडवा असेल तिथूनच हात बाहेर काढून हलवतो. डोकं वर काढत नाही. सूर ऐकूनच त्याला कळतं, कोण चाललंय आणि कसं चाललंय. त्या रस्त्यावर हॉर्न मिळाला म्हणजे तुम्ही शंभूचे झालात. माझ्यासाठी त्यानं मनासारखा सूर मिळेना म्हणून तीन महिने हॉर्न शोधला होता. आणि तो मिळाला नेमका त्याच दिवशी.

"आज नगं, घाई हाय," गोरख पुटपुटला.

"धा मिन्टं. च्या पी तवर."

आणि गोरखनं काय केलं असेल? चहा प्याला! कप्प्यात वॉरंटीचा कागद, समोर बोनेट उघडलेलं, त्यात शंभूचे हात, आणि हा बशीत फुंकर मारतोय. अरे, बोल! "शंभू, आजच असं असं केलंय," एवढं एक वाक्य. दहा मिनिटांची वीस झाली. हॉर्न बसला. शंभूनं बटण दाबलं आणि मला माझा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. दमदार, पण कानावर न आदळणारा. शेवटाला किंचित वर जाणारा. काय सांगू, मला तो फार आवडला. रागही आला आणि आवडलाही.

"कसाय?" शंभूनं विचारलं.

"झ्याक हाय," गोरख म्हणाला. त्याचे डोळे कप्प्याकडे होते.

त्यानंतरचे नऊ महिने म्हणजे नुसता तमाशा. सर्व्हिसिंगची वेळ आली की गोरख शंभूला "मुंबईचं भाडं हाय" असं सांगून मला कंपनीच्या वर्कशॉपला न्यायचा. पौडवरून जाताना मान खाली. तिथे नवं तेल भरायचे, कुणी हॉर्नकडे बघितलं तर गोरख "काढतो, काढतो" म्हणायचा. आणि दोन दिवसांनी शंभू रस्त्यात हात करून म्हणायचा, "गोरख, तेल बदलायला झालं असंल." नाही म्हणायची छाती आहे कुणाला! कालपरवा भरलेलं चांगलं तेल माझ्या पोटातून काढून शंभू पुन्हा नवं भरायचा. बोटावर घेऊन उजेडात बघायचा. "लई चोख हाय रं तेल," म्हणायचा आणि गोरखकडे बघायचा. गोरख लांबच्या डोंगराकडे बघायचा. असं तीनदा झालं. जेवून उठलेल्याला पुन्हा पानावर बसवावं, तसे माझे हाल.

कंपनीचं वर्ष संपलं. त्यानंतर बरोबर सतराव्या दिवशी मी बंद पडलो. मुद्दाम नाही हो! सगळे तसंच बघत होते माझ्याकडे, म्हणून सांगतो. माझ्या डिझेलच्या पंपात जन्माचाच दोष होता. भर दुपारी कोळवणच्या चढावर, हौद्यात एका बंगल्याच्या फरशा भरलेल्या, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि माझ्या अंगातलं बळच गेलं.

गोरखनं कागद काढला, नंबर लावला. पलीकडून मुलीचा गोड आवाज आला. "सर, गाडीला बाहेरचं काही फिटिंग केलेलं आहे का?"

हो म्हणावं तर वॉरंटी जाईल. नाही म्हणावं तर खोटं. गोरखनं काय करावं? फोन ठेवून दिला! मग दगडावर बसला, डोक्याला हात लावून. बंगल्याच्या मुकादमाचे फोनवर फोन येत होते. संध्याकाळपर्यंत फरशा आल्या नाहीत तर पुढचं सगळं काम दुसऱ्याला देतो म्हणाला. नर्सरीच्या वेळी अगदी असंच झालं होतं. गोरखचा चेहरा पार उतरला. तासभरानं त्यानं ज्याला आधी लावायला हवा होता, त्याला फोन लावला.

शंभू मोटरसायकलवरून आला. बोनेटमध्ये डोकं घातलं, दोन मिनिटांत बाहेर काढलं. "पंप हाय. ह्ये माज्या हातचं न्हाई, ह्याला कंपनीचा लॅपटॉप लागतोय. बाहेरून करशील तर लई महागात जाईल. वारंटी वाढवली न्हवती व्हय तू?"

गोरखनं नुसता कागद पुढे केला. शंभूनं हात पँटला पुसले, कागद लांब धरून वाचला. तारखेवर त्याचं बोट थांबलं.

"ह्यो तर हॉर्न बसवला त्याच दिवशीचा."

"व्हय."

"सकाळी ह्ये क्येलं आन् दुपारी माज्यासमोर च्या पीत बसलास?"

"तुला वाईट वाटंल म्हनून..."

"वाईट!" शंभूचा आवाज चढला. "आरं, काल भरल्यालं तेल मला वळखत न्हाई व्हय? तीनदा चांगलं तेल काढलं म्या. दर बारीला वाटायचं, आता सांगंल, आता सांगंल. कंपनीत जातोस त्याचं न्हाई रं काई. नवी गाडी हाय, जावंच. पर माज्यापासून चोरून?"

गोरख मान खाली घालून उभा. मला त्याची दयाही आली आणि हौद्यातल्या सगळ्या फरशा त्याच्या पायावर ओताव्यात असंही वाटलं.

"लाव फोन," शंभू म्हणाला. "आन् खरं सांग त्यांना."

गोरखनं फोन लावला, खरं सांगितलं. त्या मुलीनं कुणाला तरी विचारलं आणि म्हणाली, कंपनीची वायर तोडली नसेल तर नुसता हॉर्न काढा आणि फोटो पाठवा, गाडी न्यायला माणूस येईल.

"तोडली न्हाई," शंभू म्हणाला. "बॅटरीवरनं येगळीच वायर आणलीया. तवा इचारलं असतंस तर तवाच सांगितलं असतं."

म्हणजे बघा! नऊ महिन्यांची चोरी, तीन तीन वेळा तेल, तो उतरलेला चेहरा, सगळं एका प्रश्नावर मिटणारं होतं. आणि तो प्रश्न सखूनं पहिल्याच दिवशी सांगितला होता.

शंभूनं पाना काढला. स्वतः बसवलेला हॉर्न स्वतःच सोडवला. वायर गुंडाळली. जिथे हॉर्न होता ती जागा फडक्यानं अशी पुसली, जणू त्याचा हात कधी लागलाच नव्हता. मग हॉर्न पिशवीत टाकला आणि मोटरसायकलला किक मारली. गोरख "शंभू" एवढंच म्हणाला. शंभूनं मागं पाहिलं नाही. मला हाक मारायची होती, पण माझा आवाज त्याच्या पिशवीत होता.

फरशा दुसऱ्या गाडीनं वेळेत पोचल्या, गोरखचं काम वाचलं. कंपनीनं पंप बदलून दिला. कागद खरा निघाला. मी ठणठणीत आहे आणि अजून जवळजवळ दोन वर्षं निश्चिंत आहे. हनुमंत सगळ्यांना सांगत सुटलाय, वारंटी घ्यावी तर गोरखनं घ्यावी.

आज सकाळी मला वर्कशॉपमधून आणताना पौड आलं. शंभूच्या गॅरेजसमोर एक जीप उभी होती आणि तिच्याखालून त्याचे दोन पाय बाहेर आले होते. गोरखनं वेग कमी केला आणि दोनदा हॉर्न दिला. कंपनीचा. अशा आवाजाच्या शंभर गाड्या रोज या रस्त्यानं जातात. जीपखालून हात बाहेर आला नाही.

पन्नास पावलं पुढे येऊन त्यानं मला कडेला घेतलं, आणि तेव्हापासून आम्ही इथेच आहोत. आरशात मला ते दोन पाय दिसतायत. गोरखलाही दिसतायत. सखूनं घरून निघताना गोरखजवळ नव्या तांदळाची पिशवी दिलीय शंभूसाठी, तीही सीटवर तशीच आहे. गोरख, माझं काहीही बिघडलेलं नाही. आज तुला त्याच्याकडे जायला पान्याचं, तेलाचं कसलंच निमित्त नाही, म्हणूनच जा. किल्ली फिरव, पिशवी उचल, दार उघड. पन्नासच पावलं आहेत.

हात कुठे नेतोयस? पुन्हा हॉर्न? अरे बाबा, त्याला तो ओळखू येत नाही. उतर!