दीड सेंटिमीटर

ताडकळसमध्ये नर्मदाबाईंच्या हातचं ब्लाउज न घातलेली बाई शोधायची तर एसटी पकडून दुसऱ्या गावाला जावं लागेल, असं नर्मदाबाई स्वतःच सांगायच्या, आणि त्यात फार खोटं नव्हतं. तीस वर्षं मशीनवर बसलेल्या बाईला थोडी घमेंड असायचीच. त्यांच्या ब्लाउजचं नाव फॅशनसाठी नव्हतं, आतल्या मायेसाठी होतं. पुढे उसवून कपडा सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात, ती माया. नव्या नवरीच्या ब्लाउजात त्या दोन्ही अंगांना चांगली दीड-दीड इंच ठेवायच्या. "आज काडीवानी हायस, वर्षानं माझ्याकडंच येशील उसवायला," असं म्हणून हसायच्या. पोरी लाजायच्या आणि वर्षाने खरंच यायच्या.

त्यांच्या स्वतःच्या सुनेवर मात्र ती वेळ आली नव्हती. शिवकन्याला दिवस राहिले होते, पण चौथ्या महिन्यात गर्भ पडला. त्याला आता दीड वर्ष झालं. त्याविषयी घरात कोणी बोलत नसे. तिने परभणीतल्या एका बियाण्यांच्या कंपनीच्या ऑफिसात अर्ज केला, तेव्हाही कोणी बोललं नाही, कारण नोकरी लागेल असं कोणाला वाटलंच नव्हतं. ती लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं आणि कपडे ऑफिसला शोभतील असे हवे होते.

नवरा राम म्हणाला, "जा की." सासरे चंद्रभान म्हणाले, "साडी काय वाईट हाय?" नर्मदाबाई मशीनला तेल घालत बसल्या. त्यांना भीती वाटत होती, आणि ती भीती अगदी साधी होती. आज ही जाऊन-येऊन नोकरी करील, उद्या परभणीत खोली बघेल, परवा रामला बोलावून घेईल. मग या घरात उरायचं त्यांनी, चंद्रभानांनी आणि मशीनने. त्यातल्या त्यात मशीनच जरा बोलकं.

शिवकन्याने मोबाइलवरून एक पाकीट मागवलं. पाकिटावर निळा ड्रेस घातलेली गोरीपान बाई, आत कापडावर ठेवून कापायचे, घडी घातलेले पातळ कागद. ब्लाउजचे पेपर कटिंग नर्मदाबाईंनी पाहिले होते, पण हे प्रकरण मोठं होतं. प्रिन्सेस कट, म्हणजे अंगाबरोबर बसणारे सात उभे तुकडे, पाठीला चेन, लांबी गुडघ्याच्या खाली चार बोटं. खाली पायजमा कुठाय, असं चंद्रभानांनी विचारलं, तेव्हा खाली काळी पँट घालायची असं ठरलं.

"परभणीत टेलरकडं टाक," नर्मदाबाई म्हणाल्या.

"न्हाई आत्या, तुमीच शिवा. मला दुसऱ्याच्या हातचं नको."

या एका वाक्यावर नर्मदाबाई विरघळल्या. गडद निळं सुटिंग आलं. शुक्रवारी दुपारी त्यांनी ते चटईवर अंथरलं, कागदांना टाचण्या लावल्या आणि खडू हातात घेतला. शेजारी बसून शिवकन्या पाकिटातलं इंग्रजी माहितीपत्रक वाचून सांगत होती. "आत्या, हे बघा. सगळ्या काठांना दीड सेंटिमीटर जादा कापड कागदातच धरलंय. आपण वेगळी माया ठेवायची न्हाई. कागदाच्या काठावरच कापायचं आन दीड सेंटिमीटर आत शिवायचं."

"हां, हां. मला आता कातरी धरायला शिकव."

शिवकन्या हसली आणि भाजी चिरायला उठून गेली. नर्मदाबाईंनी कागदाच्या काठाला खडू फिरवला. मग दरवेळेसारखी त्या रेघेबाहेर इंचाची दुसरी रेघ मारली आणि त्या दुसऱ्या रेघेवर कातरी चालवली. शनिवारभर मशीन चाललं. आतल्या रेघेवर, म्हणजे थेट कागदाच्या काठावर, त्यांनी सरळसोट शिवण घातली. चेन तर अशी बसवली की पाकिटावरच्या बाईनेही पाठ वळवून बघावं.

संध्याकाळी शिवकन्याने ड्रेस घातला आणि ती बाहेर आली. खांदे उतरले होते, कमरेचा पत्ता नव्हता, पोटापुढे कापड लोंबत होतं. पोरगी पोत्यात उभी केल्यासारखी दिसत होती.

"आता कसं झाकल्यासारखं वाटतंय," चंद्रभान म्हणाले. त्यांना खरंच आवडलं होतं.

शिवकन्याने आरशात पाहिलं. आत जाऊन ड्रेस काढला आणि तो उलटा करून बघत बाहेर आली. प्रत्येक शिवणीच्या आत इंच-इंच कापड होतं.

"सात शिवणी, चौदा काठ," ती म्हणाली. "चौदा दीडं एकवीस. एकवीस सेंटिमीटर मोठा झालाय, आत्या. आठ इंच! आन वर ही माया. ही माया कोणासाठी ठेवली?"

नर्मदाबाईंनी शिवणीवरून बोट फिरवलं. "हाताची सवय हाय गं."

"मी वाचून दाखवलं होतं की तुमाला! मी जाऊ नये असंच वाटायलंय ना? मग सरळ सांगायचं. त्या लेकराला कशाला आणायलाव मधी?"

"तसं न्हाई गं पोरी. माझ्या रामची..." नर्मदाबाई शपथ घ्यायला गेल्या आणि थांबल्या. पोटच्या पोराची खोटी शपथ कशी घ्यावी? आपल्याला सवय होती हे खरं. पण शिवकन्याने वाचलं ते कानावर पडलं होतं हेही खरं.

शिवकन्या उत्तराला थांबली नाही. ड्रेस मशीनवर टाकून ती चुलीपाशी गेली. त्या दिवशी भाकरी थापल्याचा आवाज शेजारच्या बायनाबाईच्या घरापर्यंत गेला असेल.

रविवारी चहा झाल्या झाल्या नर्मदाबाई उसवायला बसल्या. चेन, बाह्या, गळा, सगळं सुटं केलं. दुसऱ्याच्या कामाला नाव ठेवत उसवणं सोपं असतं, स्वतःचं उसवताना मान वर करवत नाही. थोड्या वेळाने शिवकन्या आली आणि काही न बोलता कापडातले धागे वेचू लागली. ती रागाने बसली होती की मदतीला, हे नर्मदाबाईंना कळेना. बोलावंसं फार वाटत होतं. चूक झाली, म्हातारपण आलं, असं म्हटलं असतं तर पोरीने कदाचित मानलंही असतं.

"शिवकन्या," त्या म्हणाल्या, "तू वाचलंस ते मला ऐकू आलं होतं."

शिवकन्याचा हात थांबला.

"आन तरी जादाची रेघ मारली. ढगळ झालं तर झालं, म्हणलं. नीट बसलं न्हाई तर ही सोमवारी जाणार न्हाई, असं बी आलं मनात. लेकराचं बी आलं. सगळं एकदमच आलं, आन मी कातरी चालवली."

शिवकन्या रडली नाही, भांडलीही नाही. हातातल्या तुकड्याला चिकटलेला शेवटचा धागा तिने ओढून काढला.

"माया ठेवू का कापू?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"कापा."

त्यांनी चौदा काठांची माया कापली. आयुष्यात त्यांनी कोणाच्याच कपड्यातून अशी सगळी माया काढून टाकली नव्हती, आणि प्रत्येक पट्टी खाली पडताना त्यांना वाईट वाटत होतं. मग कागदावर सांगितल्याप्रमाणे बरोबर दीड सेंटिमीटर आत शिवण घातली.

दिवेलागणीला शिवकन्या ड्रेस घालून उभी राहिली. ड्रेस अंगावर नेमका बसला होता. ती उंच दिसत होती, आणि कुठल्याही ऑफिसात शिरली असती तर कोणी वाट अडवली नसती. राम बघतच राहिला. नर्मदाबाईंना अभिमानही वाटला आणि भरूनही आलं.

"लय चांगला झालाय, आत्या," शिवकन्या म्हणाली.

नर्मदाबाईंचा जीव भांड्यात पडला. "एकानं कुठं भागतंय? अजून कापड आण. आठ दिवसांत दुसरा शिवते."

"न्हाई," शिवकन्या म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर परवडलं असतं. "पुढचे मी परभणीतच टाकत जाईन शिवायला."

तीस वर्षांत नर्मदाबाईंना हे कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं.

"बरं," त्या म्हणाल्या. शिवकन्याने ड्रेस बदलून आणला, तेव्हा तो तिच्या हातातून घेऊन त्या उद्यासाठी इस्त्री करायला बसल्या.