सामान ठेवलं ती जागा

ओहोळाच्या पलीकडे तंबू लावण्याजोग्या जागा तीन होत्या, पाण्याचा नळ एक, सावली देणारी झाडं अकरा, आणि आम्ही सोडून माणूस एकही नाही. वाळूवर शेवाळाच्या दोन रेषा होत्या. वरची वाळून काळी पडलेली, पौर्णिमेच्या मोठ्या भरतीची. खालची अजून ओलसर, आज सकाळची. आमच्याकडे एक तंबू, तीन पिशव्या, पाण्याचे दोन कॅन आणि एक कुत्रा. कुत्र्याचं नाव भोपळा. तो पिवळा आहे आणि बसला की गोल होतो, यापलीकडे त्या नावाला कारण नाही.

ओहोळाच्या पलीकडे आम्ही त्याच्यामुळेच आलो होतो. फाटकापाशी बसलेल्या बाई म्हणाल्या होत्या, "कुत्रा आणला असेल तर पलीकडे जायचं."

"आणि कुत्र्याने आम्हाला आणलं असेल तर?" बाबांनी विचारलं.

"तरी पलीकडेच," बाई म्हणाल्या.

खरं तर आम्हा सगळ्यांना आईच्या झोपेनं आणलं होतं. आई सव्वीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात रात्रपाळीला होती. तीन पंप नीट चालतायत ना आणि टाकीतली पातळी किती, एवढं रात्रभर बघायचं. चार महिन्यांपूर्वी ती निवृत्त झाली आणि तिची झोप उडाली. रात्री ती घरभर फिरायची, स्वयंपाकघरात फ्रिजपाशी जाऊन उभी राहायची, आणि भोपळा डोळे मिटत मिटत तिच्या मागून चालायचा. सलग झोप कधी पन्नास मिनिटांच्या वर गेली नाही. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप यायची नाही, नुसती दिवसभर गुंगी राहायची. शेवटी तिने त्या बंद केल्या.

मग एकदा जेवताना ती म्हणाली, "सोमवारी जाऊन विचारून येते. रात्रीला माणूस त्यांना हवाच असतो. निदान तिथे जागं राहण्याचा काही उपयोग तरी होईल."

बाबा शिंपी आहेत. दुकान घराच्या खालीच आहे. ते दुकान उघडायचे तेव्हा आई झोपायला जायची आणि ते दुकान बंद करून वर यायचे तेव्हा ती निघायची. 'आमचा संसार चहापुरता,' असं ते गिऱ्हाइकांना हसत सांगत. आई सोमवारचं बोलली तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी ताटातला घास तसाच ठेवला आणि मला म्हणाले, "तू काहीतरी सांगत होतीस ना, उजेडाचं?"

उघड्यावर, दिवसाच्या उजेडात राहिलं की शरीराचं घड्याळ जागेवर येतं, असं मी वाचलं होतं. त्या वाचनाच्या जोरावर शनिवारी दुपारी आम्ही किनाऱ्यावर उभे होतो. सोमवार परवावर आला होता.

"तू सामानापाशी बस," बाबा आईला म्हणाले. "आम्ही जागा ठरवून येतो."

"मला कुठंही चालेल," आई म्हणाली. "झोप लागायची नाहीच. मग जागा चांगली काय नि वाईट काय."

पहिली जागा झाडांखाली होती. सपाट, पण मुळं वर आलेली. मी तिला पाचपैकी तीन गुण दिले. भोपळ्याने एक पाय वर केला आणि ती बाद झाली. दुसरी वाळूच्या उंचवट्यामागे, वारा नाही, मुंग्या फार. तिसरी ओहोळाच्या काठावरच्या चढावर होती. जमीन घट्ट, वारा बेताचा, पौर्णिमेच्या रेषेपासून बरीच वर. मी तिथे पाठ टेकून पाहिलं. आकाश हळूहळू एका बाजूला सरकतंय असं वाटलं, ढग नव्हते तरी.

"साडेचार," मी म्हटलं.

"अर्धा कशाचा कापलास?"

"समुद्राचा आवाज नीट येत नाही."

"आवाज नाही येत तेच बरं," बाबा म्हणाले. "तुझी आई पान पडलं तरी उठते."

परत आलो तर आई झोपलेली होती.

कपड्यांच्या पिशवीवर गाल टेकून, कुशीवर, पाय समुद्राकडे करून. चपला शेजारी जोडून ठेवलेल्या, अगदी दाराबाहेर काढतात तशा. भोपळा आमच्या पुढे धावला आणि मी त्याला धरायला हात पुढे केला, कारण झोपलेल्या माणसाचं तोंड चाटल्याशिवाय तो राहत नाही. त्याने तिचा हात हुंगला. स्वतःभोवती तीनदा फिरला आणि तिच्या गुडघ्यांना पाठ लावून आडवा झाला.

सव्वादोन वाजले होते.

"झोपली?" बाबांनी नुसते ओठ हलवले.

मी मान हलवली. आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. लाटा येत होत्या, पसरत होत्या, मागे जात होत्या, आणि त्या सगळ्यांचा मिळून एकच आवाज होता, सुरुवात नसलेला. तो वाळूतूनही यायचा. तळव्यांना कळायचा.

"हे ऐक," बाबा कुजबुजले. "पंपघरात असंच असतं. एकदा डबा द्यायला गेलो होतो. घूं घूं चालूच. घरात सगळं शांत, म्हणून तिला वाटत असेल काहीतरी बंद पडलंय. इथे कुणीतरी ड्यूटीवर आहे."

ऊन तिच्या चेहऱ्यावर येत होतं. तंबू तिसऱ्या जागी लावायचा तर तिला उठवावं लागणार होतं. बाबांनी तंबूची पिशवी उघडली. झिप अशी उघडली की तिचा एकेक दात मोजत असावेत. आतला, तळ असलेला तंबू त्यांनी बाजूला ठेवला आणि फक्त बाहेरचं कापड घेतलं. काठ्यांच्या दोन कमानी आम्ही तिच्या डोक्याशी आणि पायांशी उभ्या केल्या आणि वरून कापड सोडलं. वाळूत खुंट्या धरत नाहीत, म्हणून बाबांनी उरलेल्या कापडाच्या छोट्या पिशव्या शिवून आणल्या होत्या. त्यात ओंजळीने वाळू भरून आम्ही दोऱ्या त्यांना बांधल्या. माणसाभोवती तंबू उभा राहताना मी पहिल्यांदाच पाहत होते. बाबा मात्र अंगावर कापड बेतण्याच्या सवयीचे.

दोन्ही टोकं उघडी ठेवली. कापड हिरवट निळं होतं, आणि आतला उजेड तसाच झाला. आईचा हात, भोपळ्याची पाठ, जोडलेल्या चपला, सगळं पाण्याखाली असल्यासारखं. कापड वाऱ्याने फुगायचं आणि बसायचं. थोड्या वेळाने लक्षात आलं की तिघांचाही श्वास एकाच चालीवर चाललाय, आईचा, भोपळ्याचा आणि तंबूचा. मी बघत बसले. किती वेळ, ते माहीत नाही.

मग मला सकाळच्या भरतीची रेषा दिसली. ती आमच्या वरच्या बाजूला होती.

सामान कुठे ठेवलं याचा विचारच कुणी केला नव्हता. तीन जागांना मी गुण देत हिंडले, आणि ज्या चौथ्या जागेवर आईला बसवलं तिच्याकडे पाहिलंही नाही. सकाळी तिथे पाणी होतं. संध्याकाळची भरती सव्वासहाला होती.

"उठवू या," बाबा म्हणाले. पण म्हणताना ते तिच्याकडे बघत होते आणि हलले नाहीत.

"थांबा. संध्याकाळची भरती सकाळच्यापेक्षा कमी आहे. भरतीच्या तक्त्यात तीस सेंटीमीटरनं."

"मग?"

"मग पाणी सकाळच्या रेषेपर्यंत येणार नाही. कुठपर्यंत येईल ते उतारावर आहे."

बाबांनी खिशातून टेप काढली. शिंप्याची, दीड मीटरची. ती घेतल्याशिवाय ते लग्नालाही जात नाहीत. आतल्या तंबूची एक काठी जोडली, तीन मीटरची, आणि अर्धी भरलेली पाण्याची बाटली तिच्यावर आडवी ठेवून काठी समपातळीत धरली, आणि तिच्या समुद्राकडच्या टोकापासून खाली वाळूपर्यंत टेप लावली. तीन मीटरला उतार वीस सेंटीमीटर. म्हणजे तीस सेंटीमीटर कमी पाणी साडेचार मीटर खाली थांबायला हवं. सकाळच्या रेषेपासून आईच्या टाचांपर्यंत बाबांनी टेप दोनदा लावली, मग उरलेला मीटर. चार मीटर.

"म्हणजे अर्धा मीटर हातात आहे," मी म्हटलं.

"शिवणीत एवढी माया मी सोडत नाही," बाबा म्हणाले. मग टेप गुंडाळत, "आणि तुझं गणित ओलं झालं तर?"

वारा समुद्राकडून होता आणि सकाळी किती होता ते मला माहीत नव्हतं. मी तेही सांगितलं.

"बांध घालू या," बाबा म्हणाले.

आम्ही तंबूच्या पुढे वाळू ओढायला लागलो. दोन ओंजळी झाल्या असतील, भोपळ्याने डोळा उघडला. कुणी वाळू उकरतंय आणि आपल्याला बोलावलं नाही, हे त्याला कधीच सोसलेलं नाही. तो आला, बांधाच्या मधोमध उभा राहिला आणि पुढच्या पायांनी उकरू लागला. वाळू मागे उडत होती, थेट आईच्या पावलांवर. आईने एक पाय आखडून घेतला.

आम्ही तिघंही जागच्या जागी गोठलो. आईने पाय पुन्हा लांब केला.

"झालं तुझं काम, मुकादम," बाबांनी त्याला मानेला धरून हळूच आत ढकललं. "झोप जा. पगार कापीन."

तो परत तिच्या गुडघ्यांपाशी जाऊन पडला. पुन्हा वाळू ओढली तर तो परत आला असता, म्हणून बांध तसाच मोडका राहिला. मग करण्यासारखं काही उरलं नाही. बाबा तंबूच्या एका टोकाशी बसले, मी दुसऱ्या. पाणी येत होतं. येताना दिसत नव्हतं, फक्त मघाशी कोरडा असलेला एखादा शिंपला आता चमकायचा. ऊन पिवळं झालं, मग तांबूस. फेसाच्या कडा वाळूवर येऊन विरायच्या आणि त्या जागी क्षणभर सगळं आकाश उतरायचं. मी ज्याची वाट बघत होते ते पाणी आहे की झोप, हे मधेच मला नीट आठवेना.

"तीस वर्षांत," बाबा हळू आवाजात म्हणाले, "एवढा वेळ तिला झोपलेलं बघितलं नव्हतं. मी दुकानात असायचो."

"घोरते ती," मी म्हटलं.

"हो ना. मला कुणी सांगितलंच नाही."

सहा वाजता एक लाट मोडलेल्या बांधापर्यंत आली. तिच्यामागून दुसरी, थोडी मोठी. तिने बांध सपाट केला. बाबा उठले आणि आईच्या खांद्याकडे हात नेला. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते काय विचारतायत हे मला कळलं.

"अजून एक बघू," मी म्हटलं.

ती एक आली. कमानीच्या खालून आत शिरली, पातळ, काचेसारखी, आणि वाळूत मुरली. भोपळ्याची शेपटी एकदा हलली. बाबांचा हात आईच्या खांद्याच्या वर तसाच अधांतरी होता. पुढची लाट तिथवर आली नाही. त्यापुढचीही नाही. आम्ही आणखी बऱ्याच लाटा सोडल्या, आणि मग बाबांनी हात खाली घेऊन टेप काढली. ओल्या कडेपासून आईच्या टाचेपर्यंत एकतीस सेंटीमीटर.

पाणी मागे सरायला लागल्यावर आई कुशीवरून उताणी झाली. डोळे उघडले आणि वर कापडाकडे बघत राहिली.

"तंबू लावलात?"

"लावला," बाबा म्हणाले.

"मग जागा कोणती ठरली?"

"ओहोळापाशी, वरती. तू उठलीस की हलवतो."

"हं." तिने हात भोपळ्याच्या डोक्यावर ठेवला. "बसल्या बसल्या डोळा लागला बघ. दहा मिनिटं झाली असतील, नाही?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळ बघितलं. सहा चाळीस.

चार तास पंचवीस मिनिटं.