म्हसोबाचं बकरं

धोंडुबाईने बकरं नवसाला बोललं तेव्हा ते तीन दिवसांचं होतं आणि तिचा लेक सम्राट डेंग्यूने दवाखान्यात पडला होता. पोरगं उठून घरी आलं तर हे बकरं तुझं, असं तिने म्हसोबाला सांगितलं. पोरगं उठलं, महिन्याभरात कामावरही जाऊ लागलं. तिकडे शेळी आटली, म्हणून बकऱ्याला धोंडुबाईने बाटलीने दूध पाजून वाढवलं. कुणी विचारलं तर ती सांगायची, “म्हसोबाचं हाय.” म्हसोबा काही त्याला पाला घालायला येत नव्हता, पण म्हणायची पद्धत.

दीड वर्षाने नवसाचा रविवार उजाडला. कोडोलीच्या शिवारात, बांधावरच्या म्हसोबापुढे तीसेक पावणे जमले. रीत अशी, की बकऱ्याच्या अंगावर पाणी शिंपडायचं आणि त्याने अंग झाडेपर्यंत सुरीला हात लावायचा नाही. अंग झाडलं म्हणजे कौल मिळाला. धोंडुबाईला ही रीत फार आवडायची. विचारून तरी कापतात, असं तिला वाटायचं.

पण आज बकरं झाडेना. तांब्यावर तांब्या ओतला तरी ढिम्म. तिचा नवरा पिराजी नाक घासून आला. भावकीतल्या आकारामने नारळ फोडला. तासभर झाला, पावण्यांची पोटं कावकाव करू लागली. ‘नको झाडू, बाबा,’ धोंडुबाई मनात म्हणाली आणि लगेच तिने जीभ चावली. नवस लेकाच्या जिवाचा होता. तो फिटला नाही तर?

“वैनी, तुमीच जावा की म्होरं,” आकाराम म्हणाला. “तुमचं आयकतंय ते.”

ती गेली. बकरं भिजून गारठलं होतं. तिला राहवेना, तिने पदराने त्याची पाठ पुसली, कानामागे खाजवलं. बकऱ्याने डोळे मिटले, मान तिच्या गुडघ्यावर घासली आणि सुखाने कानापासून शेपटीपर्यंत सगळं अंग झाडलं.

“दिला! कौल दिला!” एकच गलका झाला.

“आवं, मी खाजवलं म्हणून झाडलं त्येनं,” धोंडुबाई ओरडली. “पुन्यांदा पाणी घाला!”

“झाडलं न्हवं? मग झालं की,” पिराजी म्हणाला. “देवाची थट्टा करतीस व्हय?”

दावं सम्राटच्या हातात होतं. धडधाकट, हसरा, जिता. ती त्याच्याकडे बघत राहिली. अजून एकदा ओरडली असती तर कदाचित थांबले असते. ती ओरडली नाही.

दुपारी चुलीपाशी ती डोळे पुसत बसली होती. सम्राट जवळ आला. “आई, एवढं हुतं तर सांगायचं की. ह्येला ठेवलं आस्तं, दुसरं बकरं इकत आणलं आस्तं.”

“आन् त्या दुसऱ्याला कुणी पाजलं नस्तं व्हय?”

धोंडुबाई आपल्याच बोलण्याने चपापली. जन्मभर तिने दुकानातलं मटण आणलं, आवडीने खाल्लं, आणि हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. आज तो कुठून आला? आणि दुकानातलं चालतं तर हे का चालू नये? तिला काही म्हणता काही उमजेना.

नैवेद्य दाखवून झाला. मीठ बघायचा मान नेहमी तिचाच. पिराजीने तांबड्या रश्श्याची वाटी तिच्या हातात दिली. घास घशाखाली उतरणार नाही, याची तिला खात्री होती. खरं तर तशी आशाच होती. पण रस्सा सरळ खाली उतरला, आणि झकास झाला होता.

“कसं हाय मीठ?” पिराजीने विचारलं.

“बरोबर हाय,” ती म्हणाली. मग कुणी सांगितलं नसताना तिने वाटी पुढे केली आणि आणखी एक पळी मागून घेतली.