मरताना ती ‘जाऊ’ म्हणाली

खोटं बोलत असेन तर माझी जीभ झडो, आणि झडून तुमच्या चहात पडो! शब्द न् शब्द खरा आहे.

माझी थोरली जाऊ आणि मी, दोघींना एकच व्यसन. त्या दोन बायकांच्या पुस्तकांचं. घोडागाडीच्या काळातल्या दोघी, एक शिंपीण, एक सुईण. खून झाला की पोलीस मिशा पिळत बसायचे आणि या दोघी आपापसात भांडत भांडत खुनी हुडकायच्या. एकदा तर सुईण मळक्या कपड्यांच्या टोपलीत लपली आणि तिथंच घोरायला लागली. मी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होते.

पण जाऊबाईंना वाचण्यापेक्षा फोडण्यात मजा. पुस्तक आधी त्या संपवायच्या, आणि मी पहिलं पान उघडलं रे उघडलं की स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "माळ्यानं मारलंय गं!" वाचनालयातही तेच. कुणी नवा भाग हातात घेतला की कानाशी लागून हळूच, "भाची." झालं! बिचारी पुस्तक परत ठेवून द्यायची. बायका तोंडावर हसायच्या आणि जिन्यात शिव्या घालायच्या.

शेवटचा भाग आला, तो नेमका जाऊबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. आत पाणी झिरपतं, खाज सुटते, हात लावायची सोय नाही. कोण आलं ते चपलांच्या आवाजावरून ओळखायचं.

"वाचून दाखव गं," त्या म्हणाल्या. "दुसरी कुणी वाचायच्या आत मला वाचनालयात जाऊन सांगायचंय."

"पहिली प्रत आपल्यालाच मिळालीय," मी म्हटलं. अख्ख्या वाचनालयाचं वाचून झालं होतं.

गोष्ट अशी, की मोठ्या घरची मालकीण जिन्याखाली पडलेली सापडते. मरताना मोलकरणीला एकच शब्द सांगते. "जाऊ…" घरचे म्हणतात, ‘जाऊ द्या मला’ म्हणायचं असेल.

जाऊबाई अंथरुणात ताठ बसल्या. "छे! जावेचं नाव घेतलंय तिनं. जावेनंच ढकललं!"

बरोबर होतं. शेवटच्या पानावर तेच होतं.

मी पान उलटलं आणि तोंडाला येईल ते वाचलं. खुनी डॉक्टर. जाऊ बिचारी रडून रडून अर्धी झालेली.

"हात्तिच्या! डॉक्टर होय?" त्या म्हणाल्या. "चल, मला आत्ताच्या आत्ता घेऊन चल."

मी हात धरून नेलं. बायका टेबलाभोवती बसलेल्या. जाऊबाई दारातूनच ओरडल्या, "डॉक्टरनं मारलंय! घ्या, आता वाचा!"

मग एकजण फिसकन् हसली आणि सगळ्यांचा बांध फुटला.

"अहो, डॉक्टर आहेच कुठं त्यात?"

"डोळ्यांबरोबर डोकंही कापलं वाटतं!"

"इतकी वर्षं अशाच थापा मारत होतात का हो?"

जाऊबाईंनी चाचपडत माझा हात शोधला. तो मी आधीच काढून घेतला होता. त्यांना कळलं. तोंडातून एवढंच आलं, "जाऊ… जाऊ…"

"जा की," वाचनालयवाल्या बाई म्हणाल्या. "अडवलंय कुणी?"

पुन्हा हशा.

घरी येताना त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. सोडून जाणार कुठं? दिसत कुठं होतं? पट्टी निघाली, नजर परत आली, पण त्या वाचनालयाची पायरी पुन्हा चढणं झालं नाही. तिथलं कुणी जाताना दिसलं की अजून खिडकी लावून घेतली जाते.

काय बघताय कपात? आहे जीभ जागेवर.

बरं बाई, एक गोष्ट बनवलीय. एकच. दोघींच्या जागा तेवढ्या बदलल्यात. पट्टी माझ्या डोळ्यांवर होती.